अण्णांची झडप बदलली, ऑपरेशन झकास झालं. पण हिशोब का चुकतोय?

पाऊलवाट | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज वेगळंच घेऊन आलेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७६. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. दोन वर्षं जिना चढताना दम लागायचा, त्याला ते 'वजन वाढलंय' म्हणायचे. मार्चमध्ये एका लग्नात पंगतीतून उठताना भोवळ येऊन पडले. इकोत निघालं की महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप चुना साचून आवळलीय, एऑर्टिक स्टेनोसिस, सिव्हिअर. निरोगी माणसात त्या झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं, अण्णांचं ०.७. शिवाय एका रक्तवाहिनीत ब्लॉक. त्यामुळे मांडीतून तार घालून झडप बसवायची (टावी) की छाती उघडायची, यावर फार खल झाला नाही. एकदाच छाती उघडून दोन्ही कामं उरकू, असं ठरलं. झडप बैलाच्या पेशींपासून केलेली. जून महिन्यात ऑपरेशन झालं. उत्तम झालं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता आयसीयूतून फोन. 'पेशंट ऐकत नाहीत, घरचं कोणीतरी या.' मी गेले तर अण्णांचे दोन्ही हात बँडेजने कॉटला बांधलेले, आणि ते खणखणीत आवाजात सांगताहेत, 'महाडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.' सिस्टरला ओरडत होते की लॉगशीट भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मला ओळखलं, पण मी तिकडे सामान घेऊन का आले नाही म्हणून रागावले. चार दिवसांत हे ओसरलं. नवव्या दिवशी घरी आलो.

आता सात आठवडे झालेत. जखम भरली, जिना चढतात, दम नाही. पण अण्णा आमच्या सोसायटीचे चौदा वर्षं खजिनदार आहेत. मेंटेनन्सचं रजिस्टर त्यांच्या हातचं, कॅल्क्युलेटर शिवत नाहीत. परवा एकाच रकान्याची बेरीज तीनदा केली, तीन वेगळी उत्तरं आली. पेन्सिल खाली ठेवून नुसते बसून राहिले. पेपर समोर असतो, पान उलटत नाही. दूध गॅसवर ठेवतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात.

भाऊ म्हणतो वय झालं. सर्जन म्हणतात हार्ट फर्स्ट क्लास आहे, बाकी हळूहळू येईल. हळूहळू म्हणजे किती? आणि येईलच का? की ऑपरेशनने काही बिघडलं? कोणाच्या घरी असं झालंय?

काथ्याकूट | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

काकांची बायपास झाली तेव्हा हुबेहूब हेच. ऑपरेशनच्या वेळी हार्ट बंद करून मशीनवर ठेवतात ना, मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही. डॉक्टर लोक आधी सांगत नाहीत एवढंच. आमचे काका नंतर कधी 'ते' काका राहिले नाहीत. घाबरवत नाही, पण मनाची तयारी ठेवा.

चिंच_गूळ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०२

बापरे. माझ्या आईचं (८१) सप्टेंबरमध्ये टावी ठरतंय. हा धागा वाचते आहे. तज्ज्ञांनी लिहा प्लीज.

भूलशास्त्री | ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

मी भूलतज्ज्ञ. हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात निम्मं आयुष्य गेलं. पाऊलवाट, तुमच्या अण्णांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जाताहेत, त्या आधी सोडवू.

फलाट क्रमांक चार, तो डिलिरियम. आपल्याकडे पूर्वी 'वातात बडबडतोय' म्हणायचे ना, तेच. अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, रात्री चढतो, लक्ष एका जागी ठरत नाही. हा वेडेपणा नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर वयस्कांमध्ये तो इतका सर्रास होतो की आम्हाला त्याचं नवल वाटेनासं झालंय, आणि तीच आमची चूक आहे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन झालेले साठीपुढचे २२५ रुग्ण. त्यातल्या ४६ टक्क्यांना डिलिरियम झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना.

दुसरी गोष्ट, बेरीज चुकणं. ही नंतरची. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी या सगळ्याच्या नावांची फेररचना केली. पहिल्या महिन्याभरात बुद्धी मंद वाटली तर तिला आजार म्हणायचंच नाही, 'उशिरा होणारी सुधारणा' म्हणायचं. महिना उलटून गेल्यावर वर्षभरापर्यंत टिकली तर मात्र त्याला विकाराचं नाव. अण्णा या दुसऱ्या टप्प्याच्या दारात आहेत. वाट बघायला हरकत नाही, पण हातावर हात ठेवून नाही.

दोन्हींचा संबंध आहे का? आहे. त्याच अभ्यासात सहा महिन्यांनी पाहिलं, तर डिलिरियम झालेल्यांपैकी ४० टक्के आपल्या मूळ पातळीला परतले नव्हते. न झालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के. याची दुसरी बाजूही वाचा: वात झालेल्यांतलेही ६० टक्के परतले होते.

काथ्याकूट, मशीनबद्दल तुम्ही म्हणता तसंच आम्हीही वर्षानुवर्षं समजत होतो. अमेरिकेत त्याला 'पंपहेड' असं टोपणनावही पडलं. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाचा बायपासच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. घरी जाताना ५३ टक्क्यांची बुद्धी उतरलेली, सहा महिन्यांनी २४ टक्क्यांची, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्क्यांची. हाहाकार उडाला. पण त्यात तुलनेला ऑपरेशन न झालेले लोक नव्हते. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले पण बायपास न झालेले लोक बरोबरीने सहा वर्षं तपासले. उतार दोघांचा सारखाच. म्हणजे लांबचा उतार बऱ्याच अंशी आजाराचा, रक्तदाबाचा, साखरेचा, वयाचा. तुमच्या काकांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण सगळं खापर त्या मशीनवर फोडता येत नाही. लगेचच्या काही आठवड्यांत मशीन, सूज, सूक्ष्म गुठळ्या, भूल, जागरण, वेदना या सगळ्यांचा हातभार असतो, हे खरं.

आता मला विचारायचंय ते: ऑपरेशनच्या आधी अण्णांची बुद्धीची चाचणी कोणी केली होती का?

पाऊलवाट | ४ ऑगस्ट, रात्री ११:१०

नाही हो. रक्त, लघवी, फुप्फुसं, दात, गळ्याच्या शिरांची सोनोग्राफी, सगळं केलं. दाताच्या डॉक्टरांकडे तर दोनदा पाठवलं, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. हे कोणी सुचवलंच नाही.

भूलशास्त्री | ४ ऑगस्ट, रात्री ११:२५

तेच. दात दोनदा, डोकं एकदाही नाही. माझ्याच पेशाला शिव्या घालतोय, राग मानू नका.

आजोबा_४६ | ५ ऑगस्ट, पहाटे ५:२०

मी स्वतः यातून गेलेला माणूस आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी झडप बदलली. मुलगी म्हणते लिहा, म्हणून एका बोटाने टाइप करतो आहे.

पाऊलवाट, तुमच्या अण्णांना फलाट तरी दिसला. मला आयसीयूच्या छतावरच्या चौकोनी तुकड्यांतून मुंग्यांची रांग खाली येताना दिसायची. पण मुंग्या परवडल्या. माझी पक्की खात्री झाली होती की रात्रपाळीच्या दोन सिस्टर मला दुसऱ्या इस्पितळाला विकणार आहेत, सौदा ठरलाय आणि माझ्या मुलीने सही केली आहे. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला वाटलं बाबा दमलेत.

हे मी कोणाला वर्षभर सांगितलं नाही. लाज वाटायची. सगळं स्पष्ट आठवतं, हे लोकांना माहीत नसतं. घरचे म्हणतात 'जाऊ दे, त्यांना काय आठवतंय'. आठवतं. अण्णांना कधीतरी निवांत विचारा, त्या रात्री काय दिसत होतं म्हणून. हसू नका फक्त.

आणखी एक. ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र काढून मुलीच्या हातात दिलं. हरवेल म्हणून. ते तीन दिवसांनी परत मिळालं. म्हणजे तीन दिवस मला नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं आणि बोललेलं कोणाला कळत नव्हतं. अशा अवस्थेत धडधाकट माणसालाही संशय येईल.

सिस्टर_मावशी | ५ ऑगस्ट, दुपारी ३:०५

आजोबा, वाचून गलबललं. एकोणीस वर्षं आयसीयूत आहे. माझ्या पाळीत मी किती जणांची 'विक्री' केली असेल देव जाणे!

चष्मा आणि यंत्राचं शंभर टक्के खरं. आता आमच्याकडे मी डबीवर नाव लिहून उशाशी ठेवायला लावते. माणूस व्हेंटिलेटरवरून सुटला की पहिल्या तासात यंत्र कानात. कवळी थोडी मागाहून, गिळणं नीट झाल्यावर.

हात बांधण्याबद्दल. पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत त्यात राग दिसतो आणि तो रास्त आहे. पण छातीत नळ्या, मानेत लाइन, आणि माणूस उठून 'गाडी सोडायला' निघालेला. बांधल्याने वात वाढतो हेही आम्हाला माहीत असतं. त्यावर उतारा म्हणजे घरचं एक माणूस शेजारी बसवणं. जिथे बसू देतात तिथे जरूर बसा. बसून काय करायचं? दिवस कोणता, वेळ काय, आपण कुठे आहोत, हे साध्या बोलण्यातून येऊ द्यायचं. परीक्षा घेतल्यासारखं 'मी कोण सांगा?' नाही. 'अहो अण्णा, आज गुरुवार, मी आत्ताच दत्ताला जाऊन आले' असं. सकाळी पडदे उघडायचे, रात्री दिवे मंद करायचे. पायाशी उभं राहून कुजबुजायचं नाही, पेशंटला वाटतं आपल्याविरुद्ध कट चाललाय.

आणि जो आरडाओरडा करतो त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मला भीती वाटते ती गुपचूप पडून राहणाऱ्याची. भिंतीकडे तोंड, विचारलं तर 'हं'. नातेवाईक खूश, किती शांत आहेत म्हणून. तोही वातच असतो, थंड प्रकारचा, आणि तो हमखास सुटतो नजरेतून. अशा वेळी आधी पोट फुगलंय का, लघवी तुंबलीय का, दुखतंय का, ते बघायचं. कितीदा तरी नुसत्या एनिम्याने माणूस ताळ्यावर आलेला पाहिलाय.

काथ्याकूट | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

एनिमा आणि अध्यात्म यांचा संबंध आज कळला.

(बाकी वर भूलशास्त्रींनी दिलेली माहिती वाचली. माझं मत थोडं मागे घेतो. थोडंच.)

जर्सीकर | ५ ऑगस्ट, रात्री ९:१५

न्यू जर्सीहून. सासूबाईंना (८२) गेल्या वर्षी इथे टावी केली. पूर्ण भूलही दिली नाही, नुसती गुंगी. मांडीतून गेले, तासाभरात बाहेर, तिसऱ्या दिवशी घरी. वात वगैरे काही नाही. उलट आधी त्या जेवता जेवता पेंगायच्या, फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगायच्या. नंतर महिन्याभरात एकदम तरतरीत, दासबोधाचं पारायण पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले हृदयातून रक्तच पुढे जात नव्हतं, मेंदू उपाशी होता. मग सगळ्यांनाच टावी का करत नाहीत?

एक शंका मात्र अजून आहे. त्यांच्या संमतीपत्रात लिहिलं होतं की झडप बसवताना चुन्याचे कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. त्यासाठी गाळणी मिळते म्हणे. आमच्या इथे ती वापरली नाही. चूक झाली का?

भूलशास्त्री | ६ ऑगस्ट, रात्री १०:५०

जर्सीकर, चांगला मुद्दा काढलात, सवडीने लिहितो.

पहिली टावी १६ एप्रिल २००२ ला फ्रान्समध्ये रुआँ इथे आलँ क्रिबिये यांनी केली. रुग्ण ५७ वर्षांचा होता, ऑपरेशन झेपणारच नाही अशा अवस्थेत. त्या काळी लोक त्यांना वेड्यात काढत. आज वयस्करांत हा नेहमीचा उपाय आहे. आपल्याकडेही होते, वापीत बनलेली भारतीय झडप २०१८ पासून उपलब्ध आहे. तरीही खर्च छाती उघडण्याच्या कितीतरी पट. सगळ्यांना का नाही? दोन पाकळ्यांची जन्मजात झडप, अण्णांसारखे बरोबरीचे ब्लॉक, मांडीच्या अरुंद रक्तवाहिन्या, आणि तरुण रुग्णाला ती झडप किती वर्षं पुरेल हा प्रश्न. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ऐंशीच्या पुढे टावीकडे कल, ६५ ते ८० मध्ये बसून बोलून ठरवा. युरोपने २०२१ मध्ये ७५ ची रेघ मारली होती.

आता कण. टावीत जुनी झडप कापून काढत नाहीत, तिलाच भिंतीकडे दाबून आत नवी उघडतात. जुना, चुनखडीने कडक झालेला पापुद्रा दाबला की कपचे उडणारच. टावीनंतर काही दिवसांत खास प्रकारचा एमआरआय केला तर बहुतेकांच्या मेंदूत नवे बारीक ठिपके दिसतात. बहुतेक म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांतही दिसतात, तुलनेने कमी जणांत. हे ऐकून घाम फुटतो. पण या लोकांना ना लकवा असतो ना वाचा गेलेली. बुद्धीच्या चाचण्यांशी ठिपक्यांची सांगड घालायचा प्रयत्न अनेकांनी केला, ती सरळ बसत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर 'ठिपक्यांनी काहीच होत नाही' हेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही, विशेषतः ज्याच्या मेंदूत आधीच फारशी शिल्लक उरलेली नाही त्याच्या बाबतीत.

गाळणी उजव्या मनगटातून घालतात, मेंदूकडे जाणाऱ्या दोन मोठ्या वाटांवर जाळी बसते. कण अडकतात, ते डोळ्यांनी दिसतात, डॉक्टर फोटो काढतात. पण २०२२ मध्ये ३००० रुग्णांवर चाचणी झाली: गाळणीसह पक्षाघात २.३ टक्के, विनागाळणी २.९. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. अपंगत्व आणणारे झटके मात्र ०.५ विरुद्ध १.३ होते, त्यामुळे आशा राहिली. मग ब्रिटनमध्ये साडेसात हजारांहून जास्त रुग्णांवर झाली, निकाल २०२५ मध्ये: २.१ आणि २.२. आशाही गेली. तेव्हा गाळणी वापरली नाही म्हणून हळहळू नका.

सासूबाई तरतरीत झाल्या हे खरंच घडतं. आधी बुद्धीच्या चाचणीत ज्यांचे गुण कमी असतात त्यांच्यातले काही जण झडप मोकळी झाल्यावर वर येतात. रक्तपुरवठा हे एक कारण. पण तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेही एखाददुसरा गुण वाढतो, हे विसरू नका. टावीनंतर बहुतेकांची बुद्धी होती तिथेच राहते. थोड्यांची सुधारते, थोड्यांची घसरते. तीन दिवसांत घरी जाणं, गुंगीवर काम भागणं, यामुळे डिलिरियम छाती उघडण्यापेक्षा पुष्कळ कमी. तिथे टावी निर्विवाद पुढे आहे.

कोकणी_माणूस | ७ ऑगस्ट, सकाळी ११:३०

थोडं अवांतर. आमच्या मावशीला लहानपणच्या सांधेतापातून मायट्रल झडपेचा आजार. चाळिशीत धातूच्या चौकटीत प्लास्टिकची चकती असलेली चित्रा झडप बसवली, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची, १९९० पासून बसवतात ती. रात्री सामसूम झाली की मावशीच्या छातीतून टिकटिक ऐकू येते. आम्ही लहानपणी घड्याळमावशी म्हणायचो. आता ती सत्तरीला आली. मधे लग्नाच्या धावपळीत रक्त पातळ करायच्या गोळ्या दहा दिवस चुकल्या, आणि तिला नातवंडांची नावं आठवेनाशी झाली. स्कॅनमध्ये छोटा झटका निघाला. तेव्हा बुद्धी अचानक घसरली तर 'वय झालं' म्हणू नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) बघा.

भूलशास्त्री | ७ ऑगस्ट, दुपारी १:१०

कोकणी_माणूस, हे अवांतर अजिबात नाही. अचानक हा शब्द महत्त्वाचा. अचानक असेल तर धाग्यावर विचारत बसू नये, गाडी काढावी.

मोरावळा | ७ ऑगस्ट, रात्री ८:४५

अण्णांना ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा. नैसर्गिक आहे, अपाय नाही. माझ्या आत्याला गुण आला.

भूलशास्त्री | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

नको. निदान आत्ता नको. पेशींच्या झडपेनंतरही पहिले काही महिने अनेकांना रक्त पातळ करायची गोळी असते, आणि तिचं गणित पालक-मेथी जास्त झाली तरी बिघडतं. त्यात आणखी काहीही घालायचं तर डॉक्टरांना दाखवून. नैसर्गिक तर धोतराही आहे.

पाऊलवाट, त्याऐवजी हे करा. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून फिजिशियनकडे न्या. झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी, लघवीच्या घाईची गोळी, यातली एखादी चालू आहे का बघा. हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉइड, बी-१२. ईसीजी, कारण झडपेच्या ऑपरेशननंतर ठोके अनियमित होणं फार सर्रास आहे. मनाने खचलेत का तेही पाहा, उदास माणसाची बेरीज चुकते. आणि 'मोका' ही स्मरणशक्ती-बुद्धीची चाचणी करून घ्या. ३० गुणांची, दहापंधरा मिनिटं.

काथ्याकूट | ७ ऑगस्ट, रात्री ११:५५

एक भाबडा प्रश्न. इतकं सगळं होत असेल तर ऑपरेशन करूच नये ना? आहे त्या झडपेवर सुखाने जावं.

भूलशास्त्री | ८ ऑगस्ट, सकाळी ६:४५

सुखाने जाता येत नाही, अडचण ती आहे. टावीची पहिली मोठी चाचणी ऑपरेशन झेपणार नाही अशा रुग्णांवर झाली, २०१० ची. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात गेले. टावी केलेल्यांपैकी ३०.७. आणि जे राहिले त्यांचे दिवस उशांची चळत पाठीला लावून बसण्यात गेले. अण्णा आता जिना चढतात हे विसरू नका.

पाऊलवाट | २१ ऑगस्ट, रात्री १०:०५

अपडेट. पिशवी घेऊन गेले. आयसीयूत असताना लावलेली झोपेची गोळी डिस्चार्जच्या कागदावर 'चालू ठेवा' म्हणून आली होती आणि आम्ही नऊ आठवडे इमानेइतबारे देत होतो. थांबवा असं कोणी लिहिलंच नव्हतं. आता पायरीपायरीने कमी करताहेत. बी-१२ पण तळाला गेलं होतं. ठोके नियमित आहेत.

मोका झाली. मी शेजारी बसले होते. शंभरातून सात वजा करत जायचे. अण्णा ९३, ८६, ७९ असे फटाफट आले, मग थांबले आणि खिडकीकडे बघायला लागले. डॉक्टर थांबल्या. अण्णा म्हणाले, 'कितीवर होतो?' पाच शब्द ऐकवून पाच मिनिटांनी विचारले, दोन आठवले. घड्याळ मात्र सुरेख काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं, काटे अगदी पट्टीने आखल्यासारखे. नियंत्रक शेवटी! शिक्षण जुनी अकरावी, म्हणून एक गुण वरून मिळतो. तो धरून २२. सव्वीस आणि पुढे म्हणजे ठीक असं धरतात म्हणे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, आजोबांनी सांगितलं होतं तसं. अण्णा, त्या रात्री काय दिसत होतं? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'गाड्या लागत होत्या आणि एकही सुटत नव्हती. सगळे प्रवासी माझ्याकडे बघत होते.'

आजोबा_४६ | २२ ऑगस्ट, पहाटे ५:१०

बरं केलंत विचारलंत.

पत्ते खेळा त्यांच्याशी. मला बदाम सातने माणसात आणलं. नात मुद्दाम हरायची, ते ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी समजलो की डोकं आलं ठिकाणावर.

चिंच_गूळ | २२ ऑगस्ट, सकाळी १०:४०

भूलशास्त्री, आईची तारीख १६ सप्टेंबर मिळाली. आधी काय करून ठेवू?

भूलशास्त्री | २२ ऑगस्ट, रात्री ११:००

तिच्या डॉक्टरांना सांगून आधी एक मोका करून घ्या, आकडा फाइलला लावा. न जमल्यास निदान लिहून ठेवा: आज ती काय काय एकटीने करते. बँकेचं पासबुक, गोळ्यांची डबी, रिक्षाचे सुटे पैसे. नंतर घरात वाद होतात तेव्हा प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. चष्मा, यंत्र, डबीवर नाव. रोजची झोपेची गोळी असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, परस्पर बंद करू नका. आणि घरी कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलंत तर त्यावरून निदान करत बसू नका, नुसतं ठेवा.

पाऊलवाट | ६ सप्टेंबर, रात्री ९:२०

झोपेची गोळी पूर्ण सुटली. पेपर आता आतल्या पानांपर्यंत जातो, अग्रलेखावर शेरेबाजी होते. काल ऑगस्टच्या रजिस्टरची बेरीज एकदाच केली आणि बरोबर आली. पण दीड तास लागला, पूर्वी वीस मिनिटांत उरकायचे. नंतर स्वतःच सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, मार्चपासून दुसरा खजिनदार बघा. भाऊ म्हणतो हे ऑपरेशनमुळे. मला आता आठवतंय की गेल्या दिवाळीतही एकदा हिशोब जुळत नव्हता आणि आम्ही हसण्यावारी नेलं होतं. आधीचा आकडा नाही, त्यामुळे भांडायलाही काही हातात नाही. पुढची मोका डिसेंबरात.

काथ्याकूट | ६ सप्टेंबर, रात्री ९:५०

अण्णांना नमस्कार सांगा. आणि महाड गाडी हल्ली कितीची आहे तेही विचारा, जायचंय.

पाऊलवाट | ६ सप्टेंबर, रात्री १०:३०

विचारलं. म्हणाले, 'मी निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, चौकशी खिडकीवर विचारा.'

चिंच_गूळ | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५

परवा टावी. मोकासाठी वेळ मिळाली नाही, उद्या सकाळी फिजिशियन वॉर्डातच करतील म्हणाले. आज दुपारी आईला पाठकोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ छान गोल काढलं, बारा आकडे जिथल्या तिथे. अकरा वाजून दहा दाखव म्हटलं, तर एक काटा अकरावर नेला आणि दुसरा दहावर. बघत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, 'बरोबर आहे ना गं?'

मी हो म्हटलं. कागदामागे तारीख टाकून फाइलमध्ये ठेवलाय.